ग्रीक शब्द पोलितेस म्हणजे नागरिक, हे बरोबर आहे का?

भाच्याच्या नोट्समध्ये लिहिलंय, ॲरिस्टॉटल म्हणतो 'मनुष्य हा राजकीय प्राणी आहे'. भाचा म्हणे, म्हणजे मामा, माणूस पॉलिटिक्स खेळतो असंच ना? आता मूळ ग्रीक शब्द झोऑन पोलितिकॉन, म्हणजे पोलिसमध्ये राहणं हा ज्याचा स्वभावच आहे असा प्राणी. पोलिस म्हणजे अथेन्स, स्पार्टा वगैरे नगरराज्य, खाकीवाले नव्हेत (तो शब्दही फिरत फिरत तिथूनच आलाय म्हणा). त्या पोलिसचा माणूस तो पोलितेस, आपण त्याला सरळ 'नागरिक' म्हणून मोकळे होतो. बसतो का हा शब्द?

– बांधणी सेम आहे, नगरवरून नागरिक, पोलिसवरून पोलितेस. अर्थात मात्र लोचा आहे. कामसूत्रातला नागरक म्हणजे शहरातला शौकीन रसिक माणूस, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरक हा शहराचा कारभार बघणारा अधिकारी, हक्कबिक्क कुठेच नाहीत. मराठीतपण नागर विरुद्ध ग्राम्य ही जोडी अजून आहेच की. पोलितेस असायला शहरात राहावं लागत नाही, मॅरेथॉन हे अथेन्सच्याच राज्यातलं गाव, शहरापासून ४० किमी लांब, तिथे नांगर धरणारा शेतकरी पोलितेस आणि ऐन अथेन्समध्ये जन्म काढलेला मेतॉइकोस, म्हणजे बाहेरून येऊन राहिलेला, तो नाही. इ.स.पू. ४५१ च्या सुमारास अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने तर कायदाच करून घेतला की आईबाप दोघंही अथेन्सचे पाहिजेत. आई अथेन्सची पाहिजे, पण तिला सभेत मत नाही, वा रे वा. आणि ॲरिस्टॉटल स्वतः स्तागिरा नावाच्या दुसऱ्या गावचा, अथेन्समध्ये उपराच! तोच लिहून गेलाय की नुसतं एका जागी राहून कोणी पोलितेस होत नाही, तसे तर गुलामही राहतात. न्यायनिवाड्यात आणि कारभारात ज्याचा वाटा तो पोलितेस.

– उपरा म्हणालात आणि ट्यूब पेटली. आपल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी होते ना! मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची आणि गावात त्याच्या शब्दाला वजन, उपरी बाहेरून येऊन कसणारा. पोलितेस म्हणजे मिरासदार, मेतॉइकोस म्हणजे उपरी, मला तरी हे नागरिकपेक्षा जवळचं वाटतं.

– भारी आहे, पण पूर्ण नाही जुळत. मिरास विकता यायची, अथेन्सचं पोलितेसपण विकायची सोय नव्हती. शिवाय मिरास मुळात जमिनीची, आणि अथेन्समध्ये जमीन नसलेला वल्हेकरीसुद्धा सभेत हात वर करायचा. मेतॉइकोसला मात्र खास परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे, तेवढं उपरीसारखं. मी 'वाटेकरी' म्हणेन, ॲरिस्टॉटलच्या व्याख्येत वाटाच तर आहे.

– वाटेकरी आवडला. भाच्याला सांगितलं, तो म्हणतोय पेपरात नागरिकच लिहिणार, मार्क कोण घालवणार.