मदत हवी आहे: ब्लूइंग नीट केलं की इओसिन फिकं पडतंय

नवी मुंबईतल्या लॅबमध्ये एच अँड ई (ऊतींच्या कापांत, म्हणजे सेक्शनमध्ये, हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी आणि इओसिनने बाकी भाग गुलाबी रंगवणं) हातानेच करतो, ऑटोस्टेनर (रंगवण्याचं यंत्र) नाही. फिक्सेशन 10% न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, सेक्शन 4 मायक्रॉनचे. हॅरिस हिमॅटॉक्सिलिन 6 मिनिटं (रोज गाळून, वरची चकाकती साय काढून), जादा रंग काढायला 1% ॲसिड अल्कोहोलमध्ये दोन डिप, ब्लूइंगसाठी (हिमॅटॉक्सिलिन निळं व्हावं म्हणून) नळाचं पाणी 10 मिनिटं, मग 1% जलीय इओसिन.

तक्रार अशी की केंद्रकं निळी न होता तांबूस-जांभळी राहतात, क्रोमॅटिन उठून दिसत नाही. पाण्यात 20 मिनिटं ठेवूनही फरक नाही. आमच्या नळाला अल्कली कमी असावी. ॲसिड अल्कोहोलचा एक डिप कमी केला तर सगळी पार्श्वभूमीच निळसर. अमोनियाच्या पाण्याने हाडाचे आणि स्तनाच्या चरबीचे सेक्शन काचेवरून सुटतात, त्यामुळे ते कृपया सुचवू नका.

स्कॉटचं अल्कलीयुक्त द्रावण (लिटरला सोडियम बायकार्बोनेट 2 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 20 ग्रॅम) 2 मिनिटं दिलं तर केंद्रकं झकास निळी होतात, पण पुढे इओसिन धरत नाही. अल्कली सोबत जात असणार, कारण नंतर 5 मिनिटं धुतल्यावर थोडं सुधारतं, पूर्ण नाही.

आता इओसिनमध्ये 100 मिलीला 0.5 मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घालून भागेल, की अल्कोहोलिक इओसिनवरच जावं? आणि हॅरिस सोडून मेयर हिमॅटॉक्सिलिन घेतलं, म्हणजे ॲसिड अल्कोहोलची पायरीच गेली, तर 4 मायक्रॉनला किती मिनिटं देता?