ट्रायपॉड लावला की परमिट? नियमांच्या मसुद्यावर हरकत कशी घ्यायची

पायवाट
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबलीय, सांभाळून घ्या. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी सकाळी एकत्र भटकायचं आणि फोटो काढायचे एवढंच, यावर कोणाचंही पोट चालत नाही. आता आमच्याकडच्या प्रशासनाने नियमांचा मसुदा काढलाय की सार्वजनिक जागेत 'व्यावसायिक स्वरूपाचं' चित्रण करायचं असेल तर आधी परमिट घ्या. आणि व्यावसायिक कोण, तर ज्याच्याकडे ट्रायपॉड आहे, किंवा लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे, किंवा जो एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबला. म्हणजे उजाडायची वाट बघत बसलेला माणूस व्यावसायिक आणि फोनवर अख्खी जाहिरात शूट करून निघून गेलेला हौशी! अर्ज सात दिवस आधी करायचा. सात दिवसांनी ढग कुठे असतील ते मला आज कोण सांगणार?

हरकती-सूचना द्यायला तीन आठवडे उरलेत. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळ्यांनी कॅमेरे घेऊन जमू, गर्दी दिसली की ऐकतील. दुसरा म्हणतो गप्प बसा, नियम आला तरी कोण पाळतंय. मला दोन्ही पटत नाहीये. असं कुठे लढून बदललंय का, आणि बदललं असेल तर नेमकं कशामुळे?

जुनं_शटर
बदललंय, आणि तुमच्या मसुद्यातला अर्धा तास वाचून मला थेट न्यूयॉर्कच आठवलं. 2007 मध्ये तिथल्या महापौरांच्या फिल्म ऑफिसने असाच मसुदा काढला होता. दोन किंवा जास्त माणसं एका जागी अर्धा तास कॅमेरा वापरत असतील तर परमिट, आणि पाच किंवा जास्त माणसं ट्रायपॉड घेऊन दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबली तरी परमिट, त्या दहा मिनिटांत ट्रायपॉड उभा करण्याचा वेळसुद्धा धरलेला. वर दहा लाख डॉलरचा दायित्व विमा! आईबाप पोराचे फोटो काढत बागेत रेंगाळले तर शब्दशः तेही त्यात बसत होते.

गंमत म्हणजे (गंमत कसली) हे सगळं सुरू झालं आपल्याकडच्या एका माणसामुळे. माहितीपट करणारे राकेश शर्मा 2005 मध्ये मॅनहॅटनमध्ये रस्त्यावर हातातल्या छोट्या कॅमेऱ्याने शूट करत होते, पोलिसांनी अडवून ठेवलं, परमिट नाही म्हणून. नंतर त्यांनी रीतसर परमिट मागितलं तर तेही नाकारलं. मग तिथल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेने त्यांच्या वतीने कोर्टात केस टाकली, कारण परमिट कोणाला लागतं आणि कोणाला नाही याचे लेखी नियमच धड नव्हते. त्या केसच्या तडजोडीत शहराने लेखी नियम करायचं कबूल केलं, आणि लिहायला बसले तर हे असलं लिहून बसले.

मग मात्र लोक पेटले. फोटोग्राफर, छोटे फिल्मवाले, ब्लॉगवाले सगळे एकत्र आले, सह्या गोळा केल्या, एका कॉमेडी ग्रुपने रॅप व्हिडिओ केला तो बराच फिरला. शेवटी ऑफिसने मसुदा मागे घेऊन नव्याने लिहिला आणि 2008 मध्ये जे नियम आले त्यात हातातला कॅमेरा किंवा ट्रायपॉड एवढंच असेल तर परमिट लागत नाही. परमिट कधी, तर तुम्ही जागा फक्त तुमच्यासाठी अडवताय किंवा शूटिंगच्या गाड्या आणि मोठं सामान आणताय तेव्हा. माणसं मोजणं गेलं, घड्याळ गेलं. तुमच्या हरकतीत मला वाटतं हेच मागायला हवं, कॅमेरा मोजू नका, अडथळा मोजा.

बागेसमोरचा
मी तुमच्या बाजूचा नाही हे आधीच सांगतो. मी एका बागेसमोर राहतो. रोज संध्याकाळी पायऱ्यांवर कोणी ना कोणी झगा पसरून बसलेलं असतं, दोघं रिफ्लेक्टर धरून उभे, आणि चालायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना "काका दोन मिनिटं बाजूला व्हा ना" म्हणतात. ती दोन मिनिटं कधीच दोन मिनिटं नसतात. एकदा तर धुराचा गोळा फोडला, निळा धूर, आमच्या खिडकीत! आम्हीच तक्रारी केल्या होत्या, कदाचित त्यातूनच असले मसुदे येतात. स्वातंत्र्य वगैरे ठीक आहे हो, पण रस्ता माझाही आहे ना.

पायवाट
@बागेसमोरचा, खरं सांगू, तुमचा राग मला पटतो. आमच्यातल्याच एकाने मागे अख्खा पूल अडवला होता, आम्हीच त्याला झापलं. पण धुराचा गोळा फोडणाऱ्याकडे ट्रायपॉड होता का?

बागेसमोरचा
नव्हता. फोन होता.

कागदी_घोडा
वरचे दोन प्रतिसाद फ्रेम करून हरकतीला जोडा :)

हलकेच घ्या, पण मुद्दा तोच आहे. सरकारी कागदांशी माझा रोजचा संबंध आहे म्हणून सांगतो. हरकत लिहिताना 'कलेची गळचेपी' असं एक वाक्यही नको, ते वाचणारा पुढचं पान उलटतो. कलम क्रमांक लिहायचा, त्यातले शब्द जसेच्या तसे उतरवायचे, मग या शब्दांत कोण कोण सापडतं ते दाखवायचं. पक्षी बघणारा अर्धा तास हलतच नाही, तो सापडतो. वास्तुकलेचे विद्यार्थी सापडतात. पर्यटक सापडतो. आणि ज्याच्यामुळे तक्रार झाली तो फोनवाला सुटतो. एवढं झालं की त्याखाली पर्यायी वाक्य स्वतः लिहून द्यायचं. हे लोक विसरतात. अधिकाऱ्याला नुसतं 'नको' सांगितलं तर तो काय करणार, त्याच्यावर तक्रारींचा दबाव आहेच. त्याला तयार वाक्य दिलंत की उचलायला सोपं जातं: येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रस्ता मोकळा ठेवून, हातात नेता येईल एवढ्या सामानाने केलेल्या चित्रणाला परवानगी लागणार नाही. झालं.

आणि एकाच मजकुराची पाचशे पत्रं पाठवू नका, पुष्कळदा ती एकच हरकत म्हणून एका ओळीत निकालात निघतात. वीस वेगवेगळी पाठवा, प्रत्येकाने आपला प्रसंग लिहून. सुनावणी मागा. पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

कोर्टाच्या भरवशावरही फार राहू नका. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांमध्ये व्यावसायिक चित्रणाला परमिट आणि फी होती, एका स्वतंत्र फिल्मवाल्याने त्याविरुद्ध केस केली, 2021 मध्ये जिल्हा कोर्टात जिंकला आणि 2022 मध्ये अपिलात हरला. दीड वर्षात पाणी फिरलं. शेवटी फरक पडला तो 2025 च्या जानेवारीत झालेल्या कायद्याने, आता छोटा ग्रुप, हातातलं सामान आणि इतरांना त्रास नाही असं असेल तर परमिट नाही, मग तुम्ही त्या फोटोंचे पैसे कमवा किंवा नका कमवू. म्हणजे तिथेही शेवटी हौशी की व्यावसायिक हा प्रश्नच बाजूला पडला आणि जागेवर काय होतं तेवढं उरलं.

तिरपी_फ्रेम
गर्दी जमवायच्या आयडियाला एवढं मोडीत काढू नका हो. लंडनमध्ये 2010 च्या जानेवारीत ट्राफल्गर स्क्वेअरला ढिगाने फोटोग्राफर जमले होते, 'मी फोटोग्राफर आहे, दहशतवादी नाही' हे त्या मोहिमेचं नावच होतं. तिथे परमिटचा विषय नव्हता, 2000 च्या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम 44 होतं, त्यात पोलिसांना संशय नसतानाही झडती घेता यायची आणि कॅमेरावाले त्यात सारखे सापडायचे. त्याच महिन्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या कलमाविरुद्ध निकाल दिला आणि जुलैत सरकारने तो वापर थांबवला. आता तुम्ही म्हणाल निकालामुळे थांबला, गर्दीमुळे नाही, तर मान्य. पण ज्यांनी केस केली त्यातली एक पत्रकार होती, तिला शस्त्रांच्या प्रदर्शनाबाहेरच्या निदर्शनांचं चित्रण करायला जाताना अडवलं होतं. लोकांना तो निकाल आपला वाटला तो या गर्दीमुळे, असं मला वाटतं.

फक्त जमताना रस्ता अडवू नका म्हणजे मिळवली. 'आम्ही अडथळा करत नाही' म्हणायला शंभर जण येऊन फुटपाथ बंद, असला फोटो पेपरात आला तर संपलंच.

जुनं_शटर
+1. आणखी एक, मसुद्यात कुठे 'ऐच्छिक परमिट' असा शब्द आहे का बघा. न्यूयॉर्कच्या नियमांत तशी सोय आहे, ज्याला लागत नाही त्यालाही हवं असेल तर मिळतं. दिसायला चांगलं आहे, गार्डने विचारलं की दाखवायला कागद. पण दोन वर्षांत गार्डला त्या कागदाची सवय होते आणि ज्याच्याकडे नाही त्याला तो हाकलतो, अशी मला भीती वाटते. घेतलंत तर 'कागद नसणं हे अडवायचं कारण नाही' हे वाक्य त्याच कलमात लिहून घ्या.

"नियम आला तरी कोण पाळतंय" म्हणणाऱ्या तुमच्या मित्रालाही सांगा, नियम सगळ्यांना लावतच नाहीत. ज्याचा चेहरा आवडला नाही त्याला लावतात. शर्मांच्या हातात छोटाच कॅमेरा होता.

पायवाट
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज मसुदा पुन्हा नीट वाचला तर कलम 4 मध्ये 'व्यावसायिक स्वरूपाचे' आहे आणि कलम 9 मध्ये दंड लावताना नुसतं 'चित्रण करणारी व्यक्ती' लिहिलंय! म्हणजे दंड फोनवाल्यालाही बसू शकतो. हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ग्रुपमध्ये टाकलं तर गप्प बसा म्हणणारेच आता सगळ्यात जास्त तापलेत.

शनिवारी बसून वीस हरकती लिहितोय. @बागेसमोरचा, तुम्हाला चालणार असेल तर एकविसावी तुमची हवी आहे. धुराच्या गोळ्यासकट.

बागेसमोरचा
लिहितो. पण ट्रायपॉडवाल्यांच्या बाजूने लिहिणार नाही, रस्त्याच्या बाजूने लिहीन.

कागदी_घोडा
तेच लिहा. आणि पोच घ्या.