रेशीमअळीचं रक्त काळं पडतंय, मधमाशीचा ठिपका पिवळा येतोय... कुठं चुकतंय?

झूलॉजी_सातारा: एमएस्सीच्या प्रोजेक्टला किड्यांच्या रक्तातली अमिनो आम्लं घेतलीत, मशीन वगैरे काही नाही, कागदावरची क्रोमॅटोग्राफी (कागदावर अमिनो आम्लं वेगळी करायची) आणि वरून त्यांना जांभळं करणारं निनहायड्रिन एवढंच. वाईकडच्या एका शेडमधून पाचव्या स्टेजच्या (चौथी कात टाकलेल्या) रेशीमअळ्या आणल्या, पोटाचा पाय कापून थेंब घेतला तर ट्यूबमध्ये बघता बघता काळा. आणि मेढ्याच्या काकांनी सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेटीतल्या माश्या दिल्या, त्यात जांभळ्याऐवजी एक मोठा पिवळाच ठिपका! निनहायड्रिन जुनं असेल म्हणून बाटली बदलली, तरी तेच.

कीटकवेडा: बाटली बिचारी चांगली आहे. पिवळा ठिपका म्हणजे प्रोलिन हे अमिनो आम्ल, ते निनहायड्रिनला जांभळं होतच नाही. शेजारी शुद्ध प्रोलिनचा ठिपका लाव आणि दुसऱ्या कागदावर आयसॅटिन मार (प्रोलिनला निळं करणारं रसायन), निळा आला की झालं. कामकरी माशीच्या रक्तात सगळ्यात जास्त तेच असतं. आफ्रिकेतली त्सेत्से माशी तर उडायला जळण म्हणून प्रोलिनच वापरते, त्याचं अ‍ॅलानिन होतं, ते मेदपिंडात (किड्याच्या चरबीच्या साठ्यात) जाऊन परत प्रोलिन होऊन येतं, म्हणजे रिकामी टाकी देऊन भरलेली घेतल्यासारखं.

काळं पडायचं कारण वेगळं. जखम झाली की रक्तातलं फिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम जागं होतं आणि टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन हा काळा रंग बनायला लागतो, म्हणजे तुला जे मोजायचंय तेच ट्यूबमध्ये संपतंय. ट्यूब आधीच बर्फात ठेव, आत ते एन्झाइम थांबवणाऱ्या फिनाइलथायोयुरियाचा कणभर खडा (विषारी आहे, हातमोजे घाल, नाहीतर बोटांच्या घामाचे ठसेपण कागदावर जांभळे उठतात). मग अल्कोहोल घालून प्रथिनं खाली बसव. आतडं फुटून तुतीचा हिरवा रस आला तर तो नमुना सरळ फेकून दे.

आणि कात टाकायच्या आधीच्या आणि नंतरच्या अळ्या मिसळू नको. नवीन कातडी कडक करायला टायरोसिन लागतं, त्यामुळं त्या दिवसांत आकडे लय हलतात.

तुतीवाला: आवो पण नर-मादी बघितलं का न्हाई? पाचव्यात अळी उलटी करून शेपटाकडं बघा, मादीला चार पांढरे ठिपके, नराला एकच. आमच्याकडं मादीचा कोष वजनाला भारी भरतो पण आत निम्मा माल अंड्यांचा, रेशमाचा टक्का नराचाच जास्त.

कीटकवेडा: बरोबर बोललात दादा. मादीच्या अळीत या स्टेजला साठवणीचं एक खास प्रथिन रक्तात चढतं, पुढं अंड्यांच्या कामाला येतं. आणि रेशमाच्या धाग्यातल्या मुख्य प्रथिनात ग्लायसिन, अ‍ॅलानिन, सेरिन मिळून ८०% च्या वर, रेशीमग्रंथी ही अमिनो आम्लं रक्तातूनच ओढते. म्हणून पाचव्याचा पहिला दिवस आणि चंद्रिकेवर (कोष करायच्या जाळीवर) चढायचा दिवस वेगळे धर. माश्यांनापण वयाची खूण कर, बाहेर पडल्याच दिवशी पाठीवर रंगाचा ठिपका. कोवळी माशी पराग खाते, तीनेक आठवड्यांनी बाहेर फिरायला लागली की जवळजवळ मधावरच, मग दोघींचं रक्त सारखं कसं येईल?

झूलॉजी_सातारा: आयसॅटिन मारलं, निळाशार आला!! अळ्यांचं मात्र सगळं परत करायला लागणार, ४० अळ्यांचं रक्त एकाच ट्यूबमध्ये ओतलं होतं 🙈 दादा, पुढची बॅच कधी पाचव्यात येतीय?

तुतीवाला: आज तिसरी कात टाकून उठल्यात. पुढच्या आठवड्यात या, पिशवी घिऊन.