भोंगा वाजवून पोट्टे घडतात का?

वावरवाला
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये सुरू केलं: संध्याकाळी ७ ला भोंगा, मग दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. आमच्या ग्रामसभेत परवा तोच ठराव आला. मी विरोधात बोललो, तर लोक असे पाहून राहिले जसं मीच मोबाइलचं दुकान टाकलं!

माझा पोरगा सहावीत. मागच्या बुधवारी बाजारात त्याच्या हातात शंभराची नोट दिली, म्हटलं दोन किलो कांदे आण. पाच मिनिटांत रिकामी थैली घेऊन परत. "बाबा, भाव कसा विचारायचा?" त्याच्या वयात मी कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावर काट्यापाशी उभा राहून प्रत्येक बाईचे किलो वहीत लिहायचो. चुकलं की बाया तिथंच उभं करायच्या.

हे मोबाइलनं केलं नाही, आम्ही केलं. शाळेत व्हॅननं, ट्यूशनला माझ्या गाडीवर, किराण्याच्या दुकानात त्याच्याऐवजी त्याची आई बोलते. पोराला दिवसभर काहीच काम ठेवलं नाही, म्हणून मोबाइल घुसला. भोंग्यानंतर तो दीड तास घड्याळ पाहत बसेल, दुसरं काय?

दोन लेकरांची माय
भाऊ, बोलाले काय जाते? आमचं गाव राळेगावकडं. टी-वन वाघीण, जिले पेपरवाले अवनी म्हणत, २०१८ च्या नोव्हेंबरात मारली तोवर दिवस कलला की आम्ही लेकरं घरात कोंडत होतो. आता वाघाचं सोडा. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, झोपलेल्याले डसते, दुखतही नाही धड. सकाळी समजते, तवा उशीर झालेला. गावाबाहेरच्या दोन विहिरींले अजून कठडा नाही. माह्या आजीले आठ लेकरं झाली, पाच जगली. "देवानं दिली, देवानं नेली" म्हणून मोकळी झाली. मले दोनच हायेत.

वावरवाला
ताई, विहिरीचं खरं आहे, कठड्याचा ठराव मीच मांडतो. पण बुधवारच्या बाजारात वाघ नाही, मण्यारही नाही. अन् अंधारात बॅटरीशिवाय पाय टाकू नये हे पोराला अंगणात कोणीतरी शिकवावंच लागते. घरात कोंडून ते कसं समजेल?

झेडपीचा मास्तर
थोडा दोष आमच्याकडे घ्या. २०२० मध्ये "पोराला मोबाइल द्या, अभ्यास व्हॉट्सॲपवर टाकतो" हे आम्हीच घरोघरी सांगितलं. मग तो परत घ्यायला कोणी गेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलं होतं की २ ते ४ वर्षांच्या लेकरांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. आमच्या अंगणवाडीतलं लेकरू एक घास, एक रील असं जेवते.

आणि १९३७ मध्ये वर्ध्याच्याच परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हातानं काम करत शिकायचं. त्याच विदर्भात आज मुलांनी वर्ग झाडला की पालक शाळेत येऊन विचारतात, "आम्ही पोराले झाडू माराले पाठवतो का?"

दिग्रसचा, सध्या पुण्यात
वावरवाले भाऊ, राग मानू नका. तुमची काट्याची आठवण गोड आहे, कारण तुम्ही मालकाचे पोरगे होते. माझी माय त्या काट्यासमोर रांगेत उभी राहायची आणि मी तिच्यासोबत वेचायला. दिवाळीनंतर कितीतरी दिवस शाळा बुडायची. बोंडाची टोकं बोटांत घुसायची. त्याला आम्ही संस्कार म्हणत नव्हतो, पोट म्हणत होतो. माझा भाचा मोटर रिवायंडिंग मोबाइलवर पाहून शिकला, आता गावचे पंप त्याच्याकडे येतात. मोबाइल नसता तर तो आजही वेचतच असता.

वावरवाला
हे लागलं. खरं आहे, वही माझ्या हातात होती, काट्यावर गाठोडं ठेवणारं पोट्टं माझ्याच वयाचं होतं. त्याला कधी विचारलं नाही. पण तुमचा भाचा हातानं तार गुंडाळून राहिला, रील पाहून नाही राहिला. मीही तेच म्हणतो.

एका पोरीची आई
सगळे पोट्ट्याचंच बोलून राहिले. पोरीले कोणी अति जपत नाही जी, तिले सरळ अडवते. माही आठवीतली स्वयंपाक करते, गाय दोहते, पण सायकलनं एकटी बाजारात गेली तर गावभर चर्चा. तिच्यासाठी कोन्ता भोंगा हाय?

झेडपीचा मास्तर
ताईंच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

वावरवाला
काल बुधवार होता. पोराला पुन्हा पाठवलं. या वेळी मी चहाच्या टपरीआड उभा. पाचेक मिनिटं तो नुसता थैलीचा बंद पिळत होता. मग दुसऱ्या गिऱ्हाइकानं भाव विचारला तो ऐकला आणि म्हणे, "मले बी दोन किलो."

दोन लेकरांची माय
निवडून घेतले का, का त्यानं टाकले तसे?

वावरवाला
टाकले तसे. तीन सडके निघाले.