वेस्ट विंडसरला घर घ्यावे का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सध्या जर्सी सिटीत भाड्याने राहतो आणि न्यू जर्सीतीलच वेस्ट विंडसर येथे घर घेण्याच्या विचारात आहोत. प्रिन्स्टन जंक्शन स्थानक तेथेच असल्याने माझ्या यजमानांना नॉर्थईस्ट कॉरिडॉर मार्गाने न्यूयॉर्कच्या पेन स्थानकापर्यंत रोज जाता येईल. मालमत्ता कराचा बोजा मोठा असणार, हे आम्ही गृहीत धरले आहे. स्थानकाजवळच्या पार्किंगचा परवाना मिळण्यास किती काळ लागतो, ते मात्र कृपया सांगावे.

खरी चिंता मुलीची आहे. ती पुढील वर्षी आठवीत जाईल. तेथील शाळा उत्तम मानल्या जातात. परंतु 2015 मध्ये शाळा-अधीक्षकांनीच विद्यार्थ्यांवरील ताणाबद्दल पालकांना सविस्तर पत्र लिहिले, हायस्कूलच्या मध्यसत्र व सत्रान्त परीक्षा बंद झाल्या, गृहपाठाविना काही रात्री ठरल्या आणि त्यावरून पालकांत तीव्र मतभेद झाले, हे वाचल्यापासून माझे मन स्वस्थ नाही. जेथे बहुतेक मुलांचे आईवडील उच्चशिक्षित आहेत, तेथे गणितात बेताची, पण चित्रकलेत रमणारी मुलगी मागे पडल्यासारखी वाटून घेते का? शिकवण्या न लावता तेथे निभावलेल्या पालकांचा अनुभव मला विशेष मोलाचा वाटेल.

सासूबाई दरवर्षी साताऱ्याहून काही महिने येतात आणि त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यांना वाचनालयात किंवा समवयस्क मराठी मैत्रिणींकडे पायी जाता येईल, अशी वस्ती कोणती?