मदत हवी आहे : जुन्या फोटोतली ही इटालियन कूपे कोणती?

नमस्कार मंडळी,

शिक्षणासाठी मी ट्यूरिनमध्ये राहतो. इथे दर शनिवारी बालोन नावाचा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. गेल्या शनिवारी तिथल्या एका खोक्यात लग्नाच्या, सहलीच्या फोटोंमध्ये मोटारीचा एक कृष्णधवल फोटो सापडला. पाठीमागे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय : 'जिनेव्रा'. म्हणजे जिनिव्हा. साल नाही, नाव नाही.

फोटो मागून, जरा डावीकडून काढलाय. पुढे सुटाबुटातली माणसं उभी असल्यामुळे गाडीचं तोंड दिसत नाही. दोन दारं, बुटकी, कोनाकोनाची बांधणी. आणि मागच्या खिडकीवर काळी षट्कोनी जाळी, अगदी मधाच्या पोळ्यासारखी! ती बघूनच मी फोटो घेतला.

माझा पहिला अंदाज लॅम्बोर्गिनी मार्झाल. बेर्तोने कंपनीसाठी मार्चेल्लो गांदिनी यांनी काढलेली ही गाडी १९६७ला जिनिव्हाच्याच मोटार प्रदर्शनात दाखवली होती, आणि तिच्याही पाठीवर षट्कोन आहेत. पण मार्झालची दारं पंखांसारखी वर उघडतात आणि उंबऱ्यापर्यंत काचेची आहेत. माझ्या फोटोतली दारं साधी, खिडकीखाली पूर्ण पत्रा. लान्चिया स्ट्रॅटोस झीरो म्हणावी, तर ती जेमतेम ८४ सेंमी उंच आणि तिला बाजूला दारंच नाहीत, पुढची काच उचलून आत शिरावं लागतं. ही गाडी शेजारच्या माणसाच्या छातीला लागतेय.

आजोबांचं सांगलीत गॅरेज होतं. रस्त्यावरून गेलेल्या गाडीची नुसती पाठ बघून ते नाव सांगायचे. ते असते तर त्यांनाच फोन केला असता. कुणाला ओळखता येईल का?

घाटवळण : जिनिव्हा म्हणताय तर मासेराती बूमरँग बघा. डिझायनर ज्युज्जारोंची, १९७२ची.

धागाकर्ता : पाहिली, धन्यवाद. पण तिच्या दारांत कंबरेच्या पट्टीखालीही काच आहे, आणि मागे अशी जाळी नाही.

इसारकाठ : मी म्युनिकला असतो, इथल्या एका जुन्या गाड्यांच्या मंडळात जातो. तुम्ही डिझायनर बरोबर पकडलाय, गाडी तेवढी चुकली. ही बीएमडब्ल्यू गार्मिश असावी. बेर्तोने, जिनिव्हा, मार्च १९७०, आणि काढणारे गांदिनीच.

त्यांना त्या काळात षट्कोनाचं फार वेड होतं. मार्झालमध्ये तो डॅशबोर्डवरही आहे. गार्मिशमध्ये तो मागच्या खिडकीच्या जाळीत आला. पुढून बघितली असती तर लगेच ओळखली असती, कारण बीएमडब्ल्यूच्या तोंडावरच्या दोन गोल 'किडन्या', म्हणजे पुढच्या जाळ्या, त्यांनी कोनदार केल्या होत्या आणि दिवे चौकोनी, काचेआड. आतला रेडिओ तर उभा होता. बीएमडब्ल्यूने ती मागवलेली नव्हती. बेर्तोनेनेच या कंपनीशी संबंध घट्ट व्हावेत म्हणून तयार करून मांडली होती. नाव बव्हेरियातल्या स्कीइंगच्या गावावरून. इटलीत तेव्हा या खेळाची हौस वाढत होती.

आता मुद्द्याचं. प्रदर्शनानंतर ही गाडी नाहीशी झाली. आज जी दिसते ती बीएमडब्ल्यूने नव्याने घडवली आणि मे २०१९ला कोमो सरोवराकाठी व्हिला देस्तेच्या जुन्या गाड्यांच्या सोहळ्यात मांडली. गांदिनी तेव्हा हयात होते, त्यांनी मदत केली. पण हाताशी होते ते मोजकेच जुने फोटो. त्यामुळे तुमचा फोटो खरंच १९७०चा असेल तर तो जपून ठेवा. कृपा करून अल्बममध्ये चिकटवू नका. दोन्ही बाजू १२०० डीपीआयवर स्कॅन करा, पाठीची जरा जास्तच काळजीने : फोटोग्राफरचा पुसट शिक्का असला तर तिरप्या उजेडात दिसतो. ट्यूरिनच्या मोटार संग्रहालयात कागदपत्रांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे दाखवा.

धागाकर्ता : इसारकाठ, तुमचे आभार कसे मानू! रात्री २०१९च्या गाडीचे मागून काढलेले फोटो शेजारी ठेवून पाहिले. जाळी जुळतेय, खिडकीची खालची रेषाही जुळतेय. भिंगाखाली पाठीच्या कोपऱ्यात शिक्क्याची अर्धी कड दिसली, पण अक्षरं लागत नाहीत.

आजोबांनी मला वाढदिवसाला गाड्यांच्या चित्रांचं पुस्तक दिलं होतं, त्यात मार्झाल होती, गार्मिश नव्हती. म्हणून मी तिथेच अडकलो.

स्कॅन उद्या टाकतो. मंगळवारी संग्रहालयात जाईन. आणि शनिवारी सकाळी लवकर बालोनला : ते खोकं मी अर्धंच चाळलं होतं. त्याच माणसाने पुढूनही एखादा फोटो काढला असेल.