मदत हवी आहे: एकच पोस्टग्रेस डेटाबेस आता झेपेना, थेट शार्डिंगला (डेटा तुकड्यांत वाटून वेगवेगळ्या मशीनवर ठेवण्याला) हात घालावा का?

नमस्कार मंडळी. इथे डेटाबेसवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

आमचं प्रॉडक्ट कंपन्यांना कामांची नोंद ठेवायला लागतं. प्रत्येक ग्राहक कंपनी म्हणजे एक 'संस्था', तिच्याखाली वापरकर्ते, कामं आणि प्रत्येक कामावर काय काय झालं त्याच्या 'घडामोडी'. सुरुवातीला तिघांनी मिळून एका पोस्टग्रेसवर सगळं उभं केलं आणि ते आजही तसंच आहे: एक प्रायमरी (सगळं लिखाण घेणारं मुख्य मशीन), दोन रीड रेप्लिका (फक्त वाचनासाठीच्या तिच्या प्रती). घडामोडींच्या टेबलात १४० कोटींच्या आसपास रेकॉर्ड आहेत, रोज साधारण ४० लाख वाढतात.

दोन महिन्यांपासून कामाच्या वेळेत प्रायमरीचा सीपीयू नव्वदच्या खाली येत नाही. मशीन दोनदा मोठं केलं, आता ३२ कोअर आहेत. कनेक्शन संपतात म्हणून मर्यादा १००० केली, तर उलट आणखी मंद झालं. परवा तर एका साध्या अपडेटला अकरा सेकंद लागले, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या सीटीओंचं म्हणणं आहे की आता शार्डिंगशिवाय गत्यंतर नाही, तीन महिन्यांत करून टाका. मला आतून वाटतंय की आपण पायरी चुकतोय, पण मीटिंगमध्ये ठामपणे बोलायला हातात काही नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

जुना डीबीए:
मर्यादा वाढवल्यावर मंद झालं यात नवल नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमची एक वेगळी प्रोसेस. ३२ कोअरवर शेकडो प्रोसेस एकदम कामाला लागल्या की त्या काम कमी आणि एकमेकींना धक्काबुक्की जास्त करतात. मूळ मर्यादा १०० असते ती उगाच नाही.

मध्ये पीजीबाउन्सर बसवा, म्हणजे थोडी खरी कनेक्शनं अनेकांना वाटून देणारा मध्यस्थ. तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच हातात राहतं. अॅपला हजार कनेक्शन दिसू देत, मागे खरी साठ-सत्तर पुरतात. त्याआधी कोडमध्ये सेशनभर, म्हणजे तेच कनेक्शन चालू असेपर्यंत, धरून ठेवलेलं काही आहे का ते बघा: सेशनचे अॅडव्हायझरी लॉक, लिसन-नोटिफाय, ट्रान्झॅक्शनबाहेर केलेले सेट. या मोडमध्ये ते फसतं. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (आधी तयार करून पुन्हा पुन्हा वापरायच्या क्वेरीची) अडचण २०२३ मध्ये आलेल्या १.२१ आवृत्तीपासून बरीच सुटली आहे.

आणि शार्डिंगचं नाव काढण्याआधी पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (कोणत्या क्वेरीला किती वेळ लागला याची नोंद) चालू करून एकूण वेळेनुसार वरच्या पाच क्वेऱ्या इथे टाका. आजार न बघता ऑपरेशन ठरवताय.

धागाकर्ता:
टाकतो म्हटलं आणि बघून लाजच वाटली. एकूण वेळेतला जवळजवळ अर्धा वेळ एकटी एकच क्वेरी खाते आहे. 'जुन्या घडामोडी बघा' या पानाची. वेळेनुसार उतरत्या क्रमाने, लिमिट ५०, ऑफसेट ४००००. आणि इतक्या खोलवर माणूस जात नाही, ग्राहकांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट जातात.

रात्रपाळी:
ऑफसेट म्हणजे ४०००० रेकॉर्ड वाचायचे, फेकून द्यायचे आणि पुढचे ५० हातात द्यायचे. पुढच्या पानाला पुन्हा पहिल्यापासून. जितकं खोल जाल तितकं महाग.

त्याऐवजी मागच्या पानावरच्या शेवटच्या रेकॉर्डची वेळ आणि आयडी पाठवा, आणि 'या जोडीपेक्षा लहान असलेले ५०' मागा. इंडेक्स (रेकॉर्ड पटकन शोधायची सूची) संस्था, वेळ, आयडी याच क्रमाने हवा. मग पहिलं पान आणि हजारावं पान दोन्ही सारखीच वेळ घेतात. '८०० पैकी ३७ वं पान' असा आकडा मात्र स्क्रीनवर दाखवता येणार नाही. तो तसाही कोणी बघत नाही, फक्त डिझाइनवाल्यांना सोडताना जड जातं.

इंडेक्स करताना कॉन्करन्टली (टेबल न अडवता करायचा पर्याय) विसरू नका, नाहीतर तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलावरचं सगळं लिखाण अडून बसेल.

धागाकर्ता:
+१. पीजीबाउन्सर आणि हा बदल, दोन्ही गेल्या आठवड्यात गेले. सीपीयू चाळिशीत आला!! मनापासून आभार. आता सीटीओ म्हणतात, उरलेलं वाचनही रेप्लिकांवर टाका म्हणजे वर्षभर बघायला नको. पण एक तक्रार यायला लागली आहे: वापरकर्ता काम 'पूर्ण' करतो, पान पुन्हा उघडतो, तर ते 'चालू'च दिसतं. दोन सेकंदांनी बरोबर दिसतं.

जुना डीबीए:
रेप्लिका मागे पडते आहे, दुसरं काही नाही. ज्याने नुकतं लिहिलं त्याचं वाचन पुढचे काही सेकंद प्रायमरीवरच पाठवा, बाकीच्यांना रेप्लिका. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं.

पण 'वर्षभर बघायला नको' हे चूक. रेप्लिका वाचनाचा भार वाटून घेतात, लिखाणाचा नाही. प्रायमरीवर पडलेलं प्रत्येक लिखाण प्रत्येक रेप्लिकेला पुन्हा करावंच लागतं. दहा रेप्लिका लावल्या तरी लिखाणाची कमाल मर्यादा त्या एका मशीनचीच.

शार्डमधून सुटलेला:
मी एका ठिकाणी शार्डिंग केलं आहे, म्हणून दोन शब्द. मशीनं वाढवणं सोपं असतं, अवघड असतं ते शार्डिंगची 'की' निवडणं, म्हणजे कोणत्या कॉलमवरून डेटा वाटायचा ते ठरवणं. तुमच्याकडे 'संस्था' आहे हे नशीब समजा, कारण जवळजवळ प्रत्येक क्वेरी एकाच संस्थेपुरती असते. नोशन या नोट्सच्या अॅपने २०२१ मध्ये हेच केलं: वर्कस्पेसच्या आयडीवर ४८० लॉजिकल शार्ड (डेटाचे नावापुरते तुकडे), ते ३२ पोस्टग्रेस डेटाबेसांवर वाटलेले. ४८० का, तर त्याला खूप संख्यांनी भाग जातो. ३२ चे ४० करा, ४८ करा, वाटणी समसमानच राहते. हिशेब एकदाच करायचा आणि पुढे नुसते शार्ड उचलून नव्या मशीनवर न्यायचे.

जातं काय ते ऐका. दोन शार्डांमधला जॉइन (टेबलं एका क्वेरीत जोडणं) गेला. फॉरेन की (एका टेबलातला संदर्भ दुसऱ्यात खरंच आहे याची डेटाबेसची हमी) गेली. 'हा ईमेल अख्ख्या सिस्टममध्ये एकदाच' हे डेटाबेस सांगणार नाही, त्याला वेगळं टेबल सांभाळा. एखादी अवाढव्य संस्था एक शार्ड एकटीच व्यापून बसते. आणि रिपोर्टवाल्यांची क्वेरी सगळ्या शार्डांवर फिरून आली की सगळ्यात हळू शार्डाइतकीच वेगवान. शार्डिंगची तयार साधनंही आहेत: माय-एसक्यूएलवाल्यांना व्हिटेस आहे, यूट्यूबने २०१० मध्ये सुरू केलेलं. पोस्टग्रेसला सायटस आहे. दोन्ही बरंच काम वाचवतात, पण 'की' तुम्हालाच ठरवावी लागते.

तुमच्या जागी मी आधी घडामोडींचं टेबल वेगळ्या डेटाबेसवर काढलं असतं. फिगमा या डिझाइन अॅपनेही आधी टेबलांचे गट वेगवेगळ्या डेटाबेसांवर हलवले, एकेक टेबल आडवं कापण्याची (त्याचे रेकॉर्ड वेगवेगळ्या मशीनवर वाटण्याची) वेळ २०२३ मध्ये आली. सोबत महिन्यावार पार्टिशन (त्याच टेबलाचे वेगळे कप्पे) करा. जुना महिना काढायचा तर पार्टिशन ड्रॉप केलं की क्षणात मोकळं. डिलीट कराल तर मेलेले रेकॉर्ड झाडत व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाई) बसेल. एकच अट: प्रायमरी कीमध्ये (रेकॉर्डची ओळख ठरवणाऱ्या कॉलमांत) पार्टिशनचा कॉलम घ्यावा लागतो.

रात्रपाळी:
मध्येच विचारतो. घडामोडींचा आयडी इंटिजर (३२ बिटचा आकडा) आहे की बिगइंट (६४ बिटचा)?

धागाकर्ता:
इंटिजर. का हो?

रात्रपाळी:
सीक्वेन्सची (नवे आयडी देणाऱ्या मोजणीची) आजची किंमत बघा. रेकॉर्ड मोजू नका. डिलीट झालेले आणि रोलबॅक झालेलेही त्यात खर्च होतात.

धागाकर्ता:
१९१ कोटी ३० लाख.

रात्रपाळी:
इंटिजर २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ला संपतो. रोज ४० लाख म्हणजे तुमच्याकडे अठ्ठावन्न दिवस आहेत. त्यानंतर त्या टेबलात एकही नोंद जाणार नाही. शार्डिंग, पार्टिशन सगळं बाजूला ठेवा.

थेट कॉलमचा टाइप बदलू नका. अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जाईल आणि तोवर वाचनसुद्धा बंद. नवा बिगइंट कॉलम घाला, नव्या रेकॉर्डसाठी ट्रिगर (आपोआप तो कॉलम भरणारा कोड) लावा, जुने दहा-दहा हजारांच्या तुकड्यांत भरा, तुकड्यांमध्ये श्वास घेऊ द्या म्हणजे रेप्लिका मागे पडणार नाहीत. मग त्यावर कॉन्करन्टली युनिक इंडेक्स, आणि शेवटी एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये नावांची अदलाबदल. लॉक टाइमआउट (टेबलाचं लॉक मिळायची किती वाट बघायची ती मर्यादा) दोन-तीन सेकंदांचा ठेवा, नाही जमलं तर पुन्हा प्रयत्न. हा आयडी ज्या ज्या टेबलांत गेला आहे तिथेही हेच करायचं, आणि अॅपच्या कोडमध्ये ३२ बिटचं काही लपलं असेल तर तेही शोधा.

वेळ पुरलाच नाही तर सीक्वेन्स उणे बाजूने सुरू करता येतो. कुरूप आहे, पण दिवस मिळतात. फक्त आयडीवरून क्रम लावणाऱ्या क्वेऱ्या आधी बदला.

धागाकर्ता:
तुकड्यांचं काम अकरा रात्री चाललं, काल संपलं. पण युनिक इंडेक्स अर्ध्यात डेडलॉकने (दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकल्याने) पडला. टेबलाच्या माहितीत तो 'इनव्हॅलिड' म्हणून दिसतोय. तसाच ठेवून दुसऱ्या नावाने नवा करू का?

जुना डीबीए:
आधी तो ड्रॉप करा, तोही कॉन्करन्टलीच. वाचनाला त्याचा उपयोग शून्य, पण पडून राहिला तरी प्रत्येक लिखाणाला तो अपडेट होत बसतो. मग नवा करा, आणि या वेळी रात्रीचे जॉब थांबवून.